हॉल घुमतोय? घरातल्याच चादरी, गाद्या आणि पडद्यांनी आवाज कसा आवरावा

दोन वर्षांपूर्वी आम्ही पूर्व भागातलं जुनं घर सोडून जुळे सोलापुरात नव्या फ्लॅटमध्ये आलो. वास्तुशांत झाली, पाहुणे गेले, आणि पंधरा दिवसांत आईनं हॉलमध्ये बसणंच सोडलं. तिच्या दोन्ही कानांना यंत्र आहे. ऐन उमेदीची वर्षं यंत्रमागांच्या खटखटाटात कांड्या भरण्यात गेली, त्यात कान गेले. पण जुन्या घरात ती सगळ्यांशी बोलायची. इथं मात्र काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, "नुसतं घुमालंय बघ, शब्दच कळंना गेलेत."

मी आधी यंत्राला दोष दिला. तपासून आणलं, यंत्र ठीक होतं. मग एका रात्री वीज गेली म्हणून आम्ही गच्चीवर बसलो, आणि तिथं माझं हळू आवाजातलं बोलणंही तिला पहिल्या फटक्यात कळलं. दोष यंत्रात नव्हता, हॉलमध्ये होता. त्या रात्रीनंतर चार महिने मी जे केलं, त्यात जे चुकलं आणि जे जमलं, ते इथं क्रमानं लिहितोय. तुमच्या घरी कानाचं यंत्र वापरणारं कुणी असेल, ऑनलाइन शिकवणी घेणारं कुणी असेल, किंवा नुसतं टीव्हीवरचं बोलणं समजत नसेल, तरी हेच उपाय लागू पडतात.

एक सूचना आधीच. घरातल्या माणसाला अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल तर खोलीच्या मागे लागू नका. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, त्याच दिवशी.

आधी एवढं समजून घ्या

आपण "एको येतोय" म्हणतो, पण घरात येतो तो प्रतिध्वनी नसतो. शाळेच्या पुस्तकात होतं, आठवत असेल: वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला समोरचा पृष्ठभाग किमान १७ मीटरवर लागतो. आपल्याकडून शंभरएक किलोमीटरवर विजापूरचा गोलघुमट आहे, तिथं सहलीला गेलेल्या प्रत्येकानं तो ऐकलाय. बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट, त्याखालच्या सज्जात एका बाजूला कुजबुजलं की पलीकडे कळतं. माझा हॉल १८ फूट लांब, म्हणजे साडेपाच मीटर. इथं होतो तो निनाद. आवाज भिंत, फरशी, स्लॅब असा सेकंदाला शंभराहून अधिक वेळा आपटत राहतो आणि मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. धड कानाचा माणूस त्यातूनही शब्द निवडून घेतो. यंत्र मात्र शब्द आणि शेपटी दोन्ही मोठं करून कानात ओततं. म्हणून अशा माणसासमोर ओरडून उपयोग नाही, ओरडलं की शेपटीही मोठी होते.

जुन्या घरात हे का नव्हतं? माळवदाचं छत, मातीच्या जाड भिंती, कोनाडे, दांडीवर वाकळा, कोपऱ्यात गाद्यांची चळत. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, पुट्टी मारलेल्या सपाट भिंती, काचेची मोठी सरकती खिडकी आणि वर स्लॅब. सहाही बाजू आवाज परत फेकणाऱ्या.

काय काय लागेल

- मोजपट्टी, आणि आवाज रेकॉर्ड होणारा मोबाइल
- जाड सुती चादरी, वाकळ किंवा गोधड्या, सतरंजी
- जुने टर्किश टॉवेल, जितके मिळतील तितके
- जाड पडद्याचं कापड आणि मजबूत रॉड
- तीन इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या, सुतळी, स्टेपल गन
- ड्रिल, ग्रिप, स्क्रू, हुक
- फरशीवर सतरंजी घसरू नये म्हणून रबरी जाळी

भाड्याचं घर असेल तर ड्रिलची यादी सोडून द्या. त्याचा उपाय पाचव्या पायरीत आहे.

१. टाळी वाजवा, रेकॉर्ड करा

पंखा, कूलर, टीव्ही बंद करा. खोलीच्या मधोमध उभं राहून एकच कडक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये तो ये-जा करतोय. नुसतं 'हूंऽऽ' असं रेंगाळलं तर सगळी खोलीच रिकामी आहे. जागा बदलून चार-पाच ठिकाणी करा. माझ्याकडे टीव्हीची भिंत आणि सोफ्यामागची भिंत यांच्यामध्ये 'टर्रर्र' सगळ्यात जोरात यायचं, आणि आई नेमकी तिथंच बसायची.

मग मोबाइल ज्याला ऐकायचंय त्याच्या खुर्चीवर, कानाच्या उंचीला ठेवा. स्वतः नेहमीच्या जागी बसून वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद वाचा आणि ते रेकॉर्डिंग जपून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर तोच परिच्छेद, तीच जागा, तोच मोबाइल. हे टाळू नका. आपल्या कानाला दोन दिवसांत सवय होते आणि मग फरक पडला की नाही हे सांगता येत नाही. मी पहिल्या दोन उपायांनंतर रेकॉर्डिंग केलंच नव्हतं आणि सगळं पुन्हा काढून लावावं लागलं.

२. कागदावर हिशोब मांडा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पैसे इथंच वाचतात.

१८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे असंच एक काम आलं. एका नव्या व्याख्यान-खोलीत कुणाचंच बोलणं समजत नव्हतं, आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिननं जवळच्या नाट्यगृहातल्या बसायच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, खोलीत थोड्या थोड्या वाढवत नेल्या आणि प्रत्येक वेळी आवाज किती वेळ टिकतो ते मोजलं. सकाळच्या आत गाद्या परत! त्यातून निघालेलं सूत्र आजही जगभर वापरतात. गादीनं केलं म्हणजे आपल्यालाही जमेल, हा धीर मला त्या गोष्टीनं दिला.

आवाज किती सेकंद रेंगाळेल, त्याचं फुटांत सूत्र असं: खोलीचं घनफळ गुणिले ०.०४९, भागिले एकूण शोषण. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या मापानं. एक चौरस फूट उघडी खिडकी म्हणजे शोषण एक, कारण तिथून गेलेला आवाज परत येत नाही. प्लास्टरची भिंत किंवा फरशी चौरस फुटाला जेमतेम ०.०२ ते ०.०३ शोषते. भरपूर चुण्यांचा जाड पडदा साधारण निम्मा आवाज खातो. जाड सतरंजी-वाकळ ०.३ च्या आसपास. तीन इंच जाडीचा मऊ पॅनेल ०.८. बसलेला माणूस चार-पाच चौरस फुटांचं काम करतो. हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर दाखवतात.

माझा हॉल १२ बाय १८, उंची १० फूट. घनफळ २,१६० घनफूट. रिकाम्या हॉलचं शोषण सोफ्यासकट ४० च्या आसपास आलं, म्हणजे आवाज अडीच सेकंदांच्या वर रेंगाळणार. अमेरिकेत लहान वर्गखोल्यांच्या मानकात ही मर्यादा ०.६ सेकंद धरलेली आहे. तेवढं गाठायला एकूण शोषण १७५ पाहिजे. म्हणजे मला घरात सव्वाशे-दीडशे चौरस फूट उघड्या खिडकीएवढा मऊपणा आणायचा होता. हा आकडा समोर आल्यावर एक गोष्ट लख्ख कळली: भिंतीवर चार फुटांची शोभेची चौकट लावून काहीही होणार नाही.

३. फरशी झाका, पण माणूस पडू देऊ नका

आठ बाय दहा फुटांची जागा झाकली तर २४ च्या आसपास शोषण मिळतं. पातळ सतरंजी एकटी फार काही करत नाही. तिच्याखाली वाकळ किंवा जुनी गोधडी अंथरा. माझ्याकडे आजीची, जुन्या लुगड्यांच्या थरांची वाकळ होती, तीच खाली गेली.

इथला सर्वात मोठा सापळा आवाजाचा नाहीच. म्हातारं माणूस सतरंजीच्या कडेला अडखळून पडतं आणि मांडीचं हाड मोडतं. कडा सोफ्याच्या आणि टीपॉयच्या पायांखाली दाबा, खाली रबरी जाळी टाका आणि चालायची वाट उघडी सोडा. आई बेडरूममधून हॉलमध्ये येते त्या वाटेवर मी एक फूटही झाकलेलं नाही. तिथलं शोषण गेलं तर गेलं.

४. पडदे: कंजूसपणा इथं करू नका

खिडकी सहा फुटांची असली म्हणून पडदा सहा फुटांचा शिवू नका. रॉड शक्यतो भिंतभर घ्या आणि कापड रॉडच्या दुप्पट रुंदीचं घ्या, म्हणजे पडदा ओढल्यावरही चुण्या राहतात. ताणून सपाट लावलेला पडदा आणि चुण्यांचा पडदा यांत कमालीचा फरक आहे. पडदा भिंतीपासून चार-पाच इंच पुढं लटकू द्या. मागच्या पोकळीमुळं थोडा जाड, म्हणजे खर्जातला, आवाजही शोषला जातो.

कापड कसं ओळखायचं? तोंडाजवळ धरा आणि फुंकर मारा. हवा सहज आरपार गेली तर कापड फार पातळ. अजिबात गेली नाही तर आवाजही परत फिरणार, म्हणून रबराचा थर दिलेले अंधारी पडदे यात कमी पडतात. हवा थोडी अडत, दमानं गेली पाहिजे. आपली जकार्डची सुती सोलापुरी चादर या परीक्षेत चांगली उतरते. फक्त नवी चादर आधी धुऊन घ्या, खळ निघाली की ती मोकळी होते. मी दहा फुटांच्या भिंतीला पडदे म्हणून चादरीच वापरल्या, वरच्या कडेला जाड पट्टी शिवून. चादरींचं वजन बरंच होतं, रॉडला मधे एक जादा ब्रॅकेट द्या. माझा पहिला रॉड तिसऱ्या दिवशी खाली आला.

उन्हाळ्यात जाड पडदे कसे सोसवतील, असं घरी सगळ्यांनी विचारलं. उलट झालं. एप्रिल-मेमध्ये दुपारी ते ओढून ठेवले की पश्चिमेचं ऊन काचेतून आत येत नाही. संध्याकाळी पडदे सारा, खिडकी सताड उघडा. उघडी खिडकी म्हणजे शोषण एक, हे आठवतंय ना? बाहेर रहदारी नसेल तर त्याहून स्वस्त उपाय नाही.

५. समोरासमोरच्या भिंती: टॉवेलचे पॅनेल

सगळ्यात जास्त फरक पडला तो इथं, म्हणून नीट सांगतो.

तीन बाय पाच फुटांची चौकट करा, पट्टी तीन इंच खोल. मागच्या बाजूला सुतळीची जाळी विणा, खाटेला विणतो तशी पण विरळ. त्यात टर्किश टॉवेलच्या घड्या सैल रचा. टर्किशचे फंदे उभे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि आवाजाची ताकद तिथंच जिरते. म्हणून टॉवेल दाबून कोंबू नका, झटकून फुलवून ठेवा. चौकट भरल्यावर हात ठेवला तर तो अर्धा इंच आत गेला पाहिजे. टॉवेल खाली घसरून खालचा भाग फुगतो, त्यासाठी मधे मधे सुतळीचे दोन-तीन आडवे टाके मारा. मला बरेचसे टॉवेल एका ओळखीच्या कारखान्यातून विणीत दोष म्हणून बाजूला पडलेले मिळाले. सोलापुरात टॉवेलचा दुष्काळ नाही, चौकशी करा.

वरून चादर. मी कापायला निघालो तर आईनं हात धरला, "चादर कापायची नसती." मग अख्खी चादर घडी करून मागं वळवली. तीन बाय पाचच्या चौकटीला ती व्यवस्थित पुरते आणि पुढंमागं धुवायला काढता येते. आधी वरची मधली जागा स्टेपल करा, मग खालची मधली, मग बाजू, शेवटी कोपरे. एका टोकाकडून सुरुवात केली की नक्षी तिरकी जाते. माझ्या पहिल्या पॅनेलवरचा मोर आजही थोडा कलंडलेला आहे.

उंची अशी ठेवा की पॅनेलचा मध्य बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत येईल. छताजवळ लावलेलं पॅनेल दिसायला छान, कामाला अर्धं. भरलेल्या पॅनेलचं वजन सात-आठ किलो जातं, त्यामुळं ड्रिल मारून ग्रिप टाकून दोन हुक घ्या, चिकटपट्टीवर विसंबू नका. मी चार लावले: दोन टीव्हीच्या दोन्ही बाजूंना, दोन आईच्या खुर्चीमागं. शेवटचे दोन लागल्यावर टाळीतलं 'टर्रर्र' गेलं.

भाड्याच्या घरात? कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड घ्या, त्यावर दोन चादरी आणि मधे गोधडी टाका आणि खुर्चीमागं उभा करा. दिसायला ओबडधोबड, पण काम करतो. पुस्तकांचं उघडं कपाटही चांगलं, पुस्तकं मागंपुढं ठेवली तर आणखी चांगलं.

दिवा, समई, गॅस आणि स्विचबोर्ड यांपासून हे सगळं लांब ठेवा. सुती माल भुर्रकन पेटतो.

६. बसायची सोय

रेक्झिनचा सोफा माणसाला मऊ लागतो, आवाजाला टणक लागतो. त्यावर जाड सुती खोळ किंवा चादर घाला. त्याहून बरं म्हणजे कापसाची गादी, लोड आणि तक्के असलेला दिवाण. गादी दबून फरशीसारखी झाली असेल तर कापूस पिंजून पुन्हा भरून घ्या. फुललेला कापूस आवाज खातो, बसलेला नाही.

काचेचा टीपॉय असेल तर त्यावर जाड टेबलक्लॉथ घाला.

७. घुमारा अजून उरलाय?

एवढं करूनही पुरुषी आवाज, टीव्हीतलं ढोल-ताशांचं वाजणं जड, कोंडल्यासारखं वाटू शकतं. कारण पडदे आणि सतरंज्या पातळ, चिरके आवाज खातात. जाड आवाजाची लांबीच मोठी असते: १,००० हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे ३४ सेंटीमीटर, १०० हर्ट्झची तब्बल साडेतीन मीटर. एवढ्या लहरीला पाव इंचाचं कापड कळतही नाही. तिला जाडी लागते आणि कोपरे लागतात, कारण जाड आवाज कोपऱ्यात साठतो. पाहुण्यांसाठीच्या जास्तीच्या गाद्या माळ्यावर टाकण्याऐवजी गुंडाळून, चादरीची खोळ घालून, दोन कोपऱ्यांत उभ्या करा. वर दोरीनं बांधा, मुलं ओढतात.

लोखंडी कपाट किंवा स्टीलचं मांडणं हॉलमध्ये असेल तर तेही थरथरून सूर धरतं. पायांखाली जाड पुठ्ठा आणि दारात घडी केलेला कागद पुरतो.

८. या गोष्टींवर पैसे घालवू नका

अंड्यांचे ट्रे. पातळ लगदा, जवळजवळ काहीच शोषत नाही, धूळ धरतो आणि पेटतो. थर्माकोल तर आवाज शोषतच नाही, त्यातले कप्पे बंद असतात, हवा आत शिरतच नाही. अर्ध्या इंचाचे टोकदार फोमचे तुकडे मी एका दुकानातून आणले होते, "साऊंडप्रूफ होईल" असं सांगून दिलेले. रेकॉर्डिंग लावून बघितलं, आधीचं आणि नंतरचं ओळखू येत नव्हतं. शिवाय साधा फोम भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज: हे सगळं करून बाहेरचा आवाज आत यायचा थांबत नाही. शेजारी माग चालू असतील, रस्त्यावर हॉर्न वाजत असतील, तर त्यासाठी जड भिंत, फटी बुजवणं, दुहेरी काच हा वेगळाच मार्ग आहे. चादर आतला आवाज आतच जिरवते, बाहेरचा अडवत नाही. पूर्व भागातल्या एका नातेवाइकांनी माझं पाहून भिंतभर गोधड्या लावल्या आणि माग तसेच ऐकू येतात म्हणून नाराज झाले. त्यांना आधीच सांगायला हवं होतं.

९. शेवटी खुर्ची हलवा

हे फुकट आहे आणि मी ते सगळ्यात शेवटी केलं. ऐकणाऱ्याची खुर्ची बोलणाऱ्यापासून तीन फुटांच्या आत आणा. पाठ मऊ भिंतीकडे, तोंड बोलणाऱ्याकडे, आणि उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर. ओठ दिसले की अर्धं काम होतं. दोघांनी एकदम बोलू नका. दुसऱ्या खोलीतून हाका मारू नका.

माझा हिशोब असा जमला: पडदे ४२, फरशी २४, दिवाण २०, पॅनेल ४८, घरातली तीन माणसं १३, आधीचे ४०. एकूण १८७. सूत्रात घातलं तर आवाज ०.५७ सेकंदांवर येतो. रेकॉर्डिंगमध्ये 'काय' आणि 'खाय' वेगळे ऐकू यायला लागले, तेव्हा मी थांबलो.

१०. देखभाल

आपल्याकडे धूळ फार. सतरंजी आठवड्याला झटका, चादरी दोन महिन्यांनी धुवा, टॉवेल आणि वाकळ दिवाळीच्या साफसफाईत गच्चीवर कडक उन्हात दिवसभर टाका. पावसाळ्यात पॅनेलच्या मागं हात घालून ओल बघत जा.

पडद्यांचा मात्र दुसरा जोड हाताशी ठेवा. मागच्या महिन्यात दोन्ही पडदे एकदम धुवायला टाकले होते. आई हॉलमध्ये आली, मी काहीतरी बोललो, तर खुर्चीवर बसायच्या आधीच तिनं विचारलं, "पडदे काढलास का रे?"